बारावीचे अर्थशास्त्र आणि त्याची प्रश्नपत्रिका

महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १४ लाख मुले-मुली बारावीच्या परीक्षेला बसतात. त्यांतल्या वाणिज्य शाखेच्या जवळजवळ सर्वांनी आणि कला शाखेच्या बऱ्याच जणांनी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र घेतलेले असते. पुढे अर्थशास्त्रात पदवी घेणारे त्यांत फार थोडे असतात. बाकीचे बी.कॉम.च्या वर्गांत विखुरतात, पोलीस किंवा तलाठी भरतीच्या तयारीला लागतात, घरच्या दुकानात बसतात, शेती सांभाळतात. अनेक मुलींचे शिक्षण तिथेच थांबते. भाव कसा ठरतो, महागाई कशी मोजतात, सरकार पैसा कुठून आणते आणि तो कुठे खर्च करते, हे वर्गात बसून समजून घेण्याची त्यांच्या आयुष्यातली ही अखेरची संधी असते. पूर्वी नववी-दहावीला भूगोलाला जोडून अर्थशास्त्राचा एक छोटा विभाग असे. आता नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राची ओळख करून देणारे एक प्रकरण आणि दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना करताना अर्थव्यवस्थेवर एक प्रकरण येते, तेवढेच. त्यामुळे अकरावी-बारावीच्या या दोन वर्षांवरचा भार पूर्वीपेक्षा वाढला आहे.

ही दोन वर्षे आपण वाया घालवत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचा दोष मी पाठ्यपुस्तकांना देत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये अकरावीचे आणि २०२० मध्ये बारावीचे नवे पुस्तक आणले. अकरावीच्या पुस्तकात महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य आणि १९९१ नंतरचे आर्थिक बदल आहेत. बारावीच्या पुस्तकात मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त आणि विदेशी व्यापार आहे. सतरा वर्षांच्या मुलाला जे कळायला हवे त्यातले बरेचसे या अनुक्रमणिकेत आहे. घोटाळा होतो तो हे पुस्तक प्रश्नपत्रिकेच्या साच्यात शिरते तेव्हा. वर्गात काय शिकवायचे, गाईडमध्ये काय छापायचे आणि मुलाने काय पाठ करायचे हे शेवटी प्रश्नपत्रिकाच ठरवते, आणि आपली प्रश्नपत्रिका बहुतांशी स्मरणशक्ती तपासते.

याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे 'खालील विधानाशी आपण सहमत आहात किंवा नाही ते सकारण स्पष्ट करा' हा प्रश्न. तो वाचून कोणालाही वाटेल की विद्यार्थ्याला इथे स्वतःच्या डोक्याने विचार करायला वाव आहे. प्रत्यक्षात विधाने पुढील धाटणीची असतात: मागणीच्या नियमाला कोणतेही अपवाद नाहीत, राष्ट्रीय उत्पन्न मोजताना कोणत्याही अडचणी येत नाहीत. अशा विधानाशी सहमत होण्याची सोयच नाही. पुस्तकात अपवादांची यादी छापलेली आहे, म्हणून उत्तर 'नाही, मी या विधानाशी सहमत नाही' या वाक्याने सुरू करायचे आणि खाली ती यादी उतरवायची. घटत्या सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्ताचे (वस्तू जितकी अधिक मिळत जाते तितके तिच्या पुढच्या नगाचे समाधान कमी होते, या सिद्धान्ताचे) अपवाद म्हणून छंद, कंजूष माणूस, व्यसन, सत्ता आणि पैसा ही नावे मुलांना झोपेतही म्हणता येतात. पण यांतला एखादा अपवाद खरोखर अपवाद आहे का, की सिद्धान्ताने धरलेली गृहीतेच तिथे मोडतात, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्यात मुलांची चूक नाही. तो प्रश्न कधीच येणार नाही हे त्यांना ठाऊक असते. असहमत होण्याचेही एक ठरलेले उत्तर असते, हा धडा मात्र ती दोन वर्षांत पक्का शिकतात, आणि वैचारिक शिक्षणाची याहून मोठी हानी मला सुचत नाही.

कारणे देऊन असहमत होणे म्हणजे काय, हे दाखवायला आपल्याला दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. शेताचे तुकडे एकत्र करून धारणक्षेत्र वाढवा, हा त्या वेळचा सर्वमान्य उपाय होता आणि बडोदा संस्थानाने नेमलेल्या समितीची शिफारसही त्याच दिशेची होती. आंबेडकरांनी आधी प्रश्नच तपासला. शेत लहान आहे असे आपण म्हणतो ते कशाच्या तुलनेत? त्यांचे म्हणणे असे की शेत परवडणारे आहे की नाही हे निव्वळ एकरांवर ठरत नाही. जमीन, भांडवल, अवजारे आणि राबणारे हात यांचे प्रमाण जुळते की नाही यावर ते ठरते. शेतीवर अवलंबून असलेली माणसे जमिनीच्या मानाने फार झाली आहेत, त्यांना उद्योगांत काम मिळाले तरच हे प्रमाण सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रामीण विकासाच्या प्रकरणाशेजारी या युक्तिवादाचे दीड पान ठेवले आणि 'आज तुमच्या तालुक्यात हे कितपत लागू पडते?' एवढे विचारले, तर 'सकारण स्पष्ट करा' या शब्दांना अर्थ येईल.

आता मागणीच्या लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते याचे, उदाहरण घेऊ. या प्रकरणाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या मुलासाठी संपूर्ण पुस्तकात याच्याइतके जवळचे दुसरे प्रकरण नाही. लवचिकतेचे पाच प्रकार, ती ठरवणारे घटक आणि ती मोजण्याच्या पद्धती, असे ते शिकवले जाते. त्यांतली एक पद्धत अर्थशास्त्रज्ञ मार्शलची, 'एकूण खर्च पद्धत' नावाची. किंमत उतरल्यावर ग्राहकांचा त्या वस्तूवरचा एकूण खर्चही उतरला, तर मागणी कमी लवचिक, असे तिचे सूत्र आहे. मुले ते पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात. आता हेच सूत्र निफाड तालुक्यात लासलगावच्या कांदा बाजारात उभे राहून वाचा. ग्राहकाचा एकूण खर्च म्हणजे दुसऱ्या बाजूने विकणाऱ्यांची एकूण मिळकत. मधल्या दलालीचा आणि वाहतुकीचा भाग तेवढा वेगळा काढायचा. समजा, एका दिवशी १,००० क्विंटल आवक झाली आणि भाव क्विंटलला २,००० रुपये निघाला, तर शेतकऱ्यांच्या हाती मिळून २० लाख रुपये आले. आवक २० टक्क्यांनी वाढून १,२०० क्विंटल झाली आणि भाव १,२०० रुपयांवर आला, तर हाती आले १४ लाख ४० हजार. माल वाढला आणि पैसा ५ लाख ६० हजारांनी घटला. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही, आणि महागला म्हणून फोडणीतून तो पुरता वगळतही नाही. मागणी कमी लवचिक असण्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे. चांगले पीक आले की शेतकरी रडतो, याचे कारण नशिबात नाही, पुस्तकाच्या त्या पानावर आहे.

इथून पुढे एकेक प्रश्न आपोआप उघडत जातो. लाल कांदा टिकत नाही, म्हणून काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत काही महिने राहतो, म्हणून भावाची वाट पाहता येते. पुरवठ्याची लवचिकता आणि काळ यांचा संबंध समजवायला याहून चांगले उदाहरण नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोला एक रुपया भाव मिळाला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर) अडीच रुपयांच्या आसपास उरले आणि त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ही बातमी तेव्हा सगळ्यांनी हळहळत वाचली. अर्थशास्त्राच्या वर्गाने हळहळून थांबू नये, ती पट्टी फळ्यावर मांडावी. भाव वीस रुपये असो की एक रुपया, पोते उचलायला आणि वाहून न्यायला लागणारा खर्च तेवढाच राहतो. म्हणून बाजार पडला की तोटा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त उत्पादकाच्या वाट्याला येतो. मग पुढचा प्रश्न असा की एवढे कळत असूनही तो माल बाजारात का आणतो. शेतात सडू देण्याचा खर्च, पुढच्या पिकासाठी रान मोकळे करण्याची निकड आणि भाव निघेपर्यंत माहीतच नसणे, ही सगळी कारणे मुलांना स्वतः शोधता येतात.

आणि मग खऱ्या मतभेदाचा प्रश्न विचारता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) ठेवून ४० टक्के शुल्क लावले. या धोरणाशी आपण सहमत आहात का? इथे ठरलेले उत्तर नाही. शहरातल्या मजुराच्या ताटाचा विचार करणारा विद्यार्थी बंदीची बाजू घेईल. नाशिक जिल्ह्यातला विद्यार्थी म्हणेल की ग्राहकाला दिलेल्या सवलतीचे पैसे एकट्या उत्पादकाच्या खिशातून का जावेत. तिसरा सांगेल की वारंवारच्या बंदीने परदेशातले खरेदीदार कायमचे दुसरीकडे जातात. तिघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात, मात्र कोणाचा किती फायदा, कोणाचे किती नुकसान आणि कोणता पर्याय उपलब्ध होता, हे त्यांनी मांडले पाहिजे. तपासायचे असते ते हेच.

किमती सरासरीने किती बदलल्या हे मोजणाऱ्या निर्देशांकाचे प्रकरणही असेच कोरडे ठेवले जाते. लास्पेअर आणि पाश्चे या अर्थशास्त्रज्ञांच्या सूत्रांत आकडे भरून उत्तर काढले की काम संपते, आणि ते उत्तर कोणत्या घराला लागू पडते हे कोणी विचारत नाही. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ या पायाभूत वर्षावर आधारलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचे भारमान (एकूण खर्चातला धरलेला वाटा) सुमारे ४६ टक्के होते. हा सरासरीचा आकडा झाला. ज्या मजूर कुटुंबाचा ६० टक्के खर्च अन्नावर होतो आणि ज्या नोकरदार कुटुंबाचा ३० टक्के होतो, त्यांची महागाई एक असूच शकत नाही. खाद्यपदार्थ १० टक्क्यांनी आणि बाकीच्या वस्तू ३ टक्क्यांनी महागल्या, तर पहिल्या घरासाठी महागाई ७.२ टक्के होते आणि दुसऱ्यासाठी ५.१ टक्के. हे गणित कोणत्याही बारावीच्या मुलीला दहा मिनिटांत करता येते. ८० गुणांच्या लेखी परीक्षेखेरीज अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० गुण आहेत, त्यांत प्रत्येकाने आपल्या घराचा निर्देशांक काढावा: तांदूळ, तेल, डाळ, गॅस सिलिंडर, एस.टी.चा पास, मोबाईलचे रिचार्ज, यांच्या वर्षाच्या अंतराने दोन किमती आणि घरातला महिन्याचा वापर. आज बहुतेक ठिकाणी या गुणांसाठी एकमेकांच्या वह्यांतून उतरवलेला प्रकल्प जमा होतो आणि सर्वांना जवळपास सारखेच गुण पडतात.

आकड्यांशी तुटलेले हे नाते आणखी एका ठिकाणी दिसते. वाणिज्य शाखेत अनेक ठिकाणी गणित आणि चिटणीसाची कार्यपद्धती (एस.पी.) यांपैकी एक निवडायचे असते, आणि गणिताला घाबरलेली मुले एस.पी. घेऊन सुटतात, कला शाखेत तर गणित घेणारे विरळाच. पुढे यांतल्या कोणाला अर्थशास्त्रच आवडले तर? दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीचे गणित लागते. मुंबईच्या आय.आय.टी.तल्या अर्थशास्त्राच्या पदवीला जे.ई.ई.तून प्रवेश मिळतो, म्हणजे ज्याने बारावीला अर्थशास्त्राऐवजी भौतिक, रसायन आणि गणित घेतले त्यालाच. दोन वर्षे मन लावून अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीला तो मार्ग बंद आणि ज्याने त्या विषयाचे पुस्तक उघडले नाही त्याला उघडा, ही विसंगती आपल्या शाखा-पद्धतीने तयार केली आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही.

गणित आणि अर्थशास्त्र यांची फारकत आपल्या परंपरेतही नाही. दादाभाई नवरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. भारतीयाचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये, हा त्यांचा १८६७-६८ सालचा अंदाज पाठ्यपुस्तकात येतो आणि एका गुणाचा प्रश्न होऊन संपतो. तो त्यांनी कसा काढला, हे त्याहून कितीतरी शिकवण्यासारखे आहे: कोणत्या प्रांतात कोणते पीक किती एकरांत, एकरी उतारा किती, बाजारभाव काय, असे सरकारी अहवालांतले आकडे जुळवत त्यांनी एकूण उत्पादन मांडले. नंतर त्यांनी सरासरी उत्पन्नाची तुलना तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जो खर्च करते त्याच्याशी केली आणि रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे सरकारच्याच कागदांतून सिद्ध केले. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत, त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक केले होते. १९०२ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले तेव्हा तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नसून गरिबांवरच्या जादा कराची खूण आहे, हे त्यांनी आकडे ठेवून दाखवले. मिठावरचा कर कमी करावा, ही त्यांची त्यातली एक मागणी होती, आणि पुढच्याच वर्षी तो कमी झाला. ज्या प्रांताने ही माणसे दिली तिथल्या विद्यार्थ्याला टक्केवारी काढायची भीती वाटावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या अज्ञानाची किंमत मुले लगेचच मोजू लागली आहेत. अठरावे वर्ष लागले की मोबाईलवर डिमॅट खाते उघडते आणि ऑप्शनचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचा, सौदा दोन बोटांवर येतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण वाढत चालले आहे. बारावीच्या पुस्तकात नाणे बाजार आणि भांडवल बाजार यांवर पूर्ण प्रकरण आहे. त्यात कार्ये, रचना आणि समस्या आहेत. अशा सौद्यांत एकाने मिळवलेला नफा दुसऱ्या कोणाचा तरी तोटा असतो आणि दलाली दोघांकडून कापली जाते, एवढे जरी त्या प्रकरणातून मनावर ठसले तरी कितीतरी घरांतले पैसे वाचतील.

माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मला गंभीर वाटतो. खुले प्रश्न आले की शहरातल्या, वाचनाची सवय असलेल्या घरांतल्या मुलांचा फायदा होईल. ग्रामीण मुलाला ठरलेल्या उत्तराचा तरी आधार असतो, तो काढून घेऊ नका, असे अनेक शिक्षक तळमळीने सांगतात. ज्या मुलाच्या बारावी पास होण्यावर घरातली पुढची सगळी गणिते अवलंबून आहेत, त्याच्या बाबतीत हा आधार क्षुल्लक नाही. पण हा आधार नेमका कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे. ठरलेली उत्तरे सुबकपणे छापून, क्लासमध्ये घोटून घेणे ज्याला परवडते तोच त्यात पुढे जातो. याउलट बाजार समितीतला लिलाव पाहिलेली, बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या आईची मुलगी, रोजगार हमीच्या कामावर जाऊन आलेला मुलगा, यांच्याकडे अर्थशास्त्राचा असा कच्चा माल आहे जो शहरातल्या मुलाकडे नाही. आजची प्रश्नपत्रिका त्यांना तो वर्गाबाहेर ठेवायला लावते. दारिद्र्याच्या प्रकरणात दारिद्र्यरेषेची व्याख्या लिहिणाऱ्या मुलाला, तुझ्या गावात कोणाचे नाव यादीत आहे, कोणाचे नाही आणि का, असे विचारले तर तो जे सांगेल त्याने शिक्षकाच्याही ज्ञानात भर पडेल.

तपासणीचा प्रश्न राहतो. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे थोड्या दिवसांत तपासून द्यायचे असतात, मानधन तुटपुंजे असते आणि मुक्त उत्तर तपासायला वेळ लागतो, हे खरेच आहे. म्हणून मी संपूर्ण प्रश्नपत्रिका उलटीपालटी करायला सांगत नाही. तक्ता, आकृती आणि उतारा यांवरचा प्रश्न आजही आहे. त्याचे गुण वाढवावेत आणि उताऱ्यातच सापडणारी उत्तरे त्यात विचारू नयेत. सहमत-असहमत प्रश्नातले निदान एक विधान असे द्यावे की त्याच्या दोन्ही बाजू घेता येतील, आणि गुणदान योजनेत स्पष्ट लिहावे: भूमिकेला गुण नाहीत, लागू पडणाऱ्या संकल्पनेला एक, आकड्याला किंवा उदाहरणाला एक, विरुद्ध बाजूच्या दखलेला एक. अशी योजना हातात असेल तर तपासणाऱ्याला अडचण येत नाही आणि दोन तपासनिसांच्या गुणांत फार अंतरही पडत नाही. मंडळाने अशा दहा-बारा प्रश्नांचा नमुना संच, त्यांच्या चांगल्या, मध्यम आणि कच्च्या उत्तरांसह, मराठीतून आधी वर्षभर कनिष्ठ महाविद्यालयांत पाठवावा. शिक्षकांची प्रशिक्षणे मी पाहिली आहेत. दिवसभराच्या भाषणांपेक्षा असा एक संच वर्गावर जास्त परिणाम करील.

धोरणावर प्रश्न विचारले की राजकारण वर्गात येईल, अशी भीतीही व्यक्त होते. निर्यातबंदी, हमीभाव, कर्जमाफी, वस्तू व सेवा कराचे दर, हे विषय त्या मुलांच्या घरात रोज बोलले जातात आणि अठरा पूर्ण होताच ती मतदानाला जातात. सरकारी आकड्यांच्या आधारे सरकारी धोरणाची चिकित्सा करणे हे अर्थशास्त्र या विषयाचे नेहमीचेच काम आहे, आणि ते शिक्षकाच्या देखरेखीखाली, विरुद्ध बाजू मांडण्याच्या अटीवर शिकणे हे मोबाईलवरच्या आरडाओरड्यातून शिकण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमाच्या फेररचनेचे काम चालू आहे आणि शाखांच्या भिंती सैल करण्याची भाषा त्यात आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र आणि कला शाखेच्या विद्यार्थिनीला गणित खरोखर घेता यावे, वेळापत्रकात ते बसावे, हे त्यातून झाले तर उत्तमच. पण नवी पुस्तके यायला वर्षे लागतात, आणि आली तरी जुन्या साच्याची प्रश्नपत्रिका त्यांनाही जुन्या गाईडमध्ये बसवील. नमुना प्रश्न आणि गुणदान योजना बदलायला नवे पुस्तक लागत नाही, नवी पदे लागत नाहीत, फारसा खर्चही येत नाही. मंडळाच्या अर्थशास्त्र अभ्यासमंडळाने मनावर घेतले तर आज अकरावीत असलेल्या मुलांच्या बारावीच्या परीक्षेपासूनच सुरुवात करता येईल.